चालणं बंद करायचं की गोळ्या?

प्रश्न : माझे यजमान ७३ वर्षांचे आहेत. एसटीत ड्रायव्हर होते. शुगर आणि बीपी जुनं, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. सकाळ-रात्र मिळून नऊ गोळ्या आहेत, चिठ्ठ्यांचे फोटो सोबत पाठवलेत. दिवाळीपासून त्यांनी चालायचं मनावर घेतलं. पहाटे उठून सकाळच्या सगळ्या गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या, वाटेत कारल्याचा रस प्यायचा आणि रंकाळ्याला फेरी मारायची. चहा-नाश्ता परत आल्यावर. गेल्या महिन्यात शालिनी पॅलेसजवळ त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं आणि ते कठड्यावर बसले. ओळखीच्या मंडळींनी टपरीवरचा गोड चहा पाजला, दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं, चालत घरी आले. पुण्याचा मुलगा म्हणतो, आता चालणं बंद. हे म्हणतात, चालल्यानं शुगर उतरते तर गोळ्या कशाला? ‘चालणं गोळीपेक्षा दुप्पट गुणकारी’ असं मोबाईलवर काहीतरी वाचलंय. आठ दिवसांपासून कुठल्या गोळ्या घेतात, कुठल्या नाही, पत्ता लागू देत नाहीत. गुडघा दुखला की मेडिकलमधून गोळी आणतात ती वेगळीच. मी त्यांना काय बंद करायला सांगू? मुलगा नाडीचे ठोके दाखवणारं घड्याळ पाठवतोय, त्याचा काही उपयोग होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर :

ताई,

बंद करायच्या गोष्टी तुमच्या पत्रात मला दोनच दिसल्या. त्यात ना चालणं आहे, ना चिठ्ठीवरच्या गोळ्या. त्या दोन कुठल्या ते पुढे सांगते, आधी आजचं काम.

गोळ्यांचा डबा घेऊन बसा आणि पाकिटांतल्या रिकाम्या खोबणी मोजा. यजमान सांगणार नाहीत, पण पाकीट सांगेल. हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची ॲस्पिरिन, या दोन गोळ्या आठ दिवसांत घेतल्यात की नाही, ते बघा. अँजिओप्लास्टीत स्टेन्ट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या माणसानं या दोन्ही मनानं सोडणं हा सगळ्यात धोक्याचा भाग आहे. मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं तर हृदयाचे ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं, कधी झटकाही येऊ शकतो. सोडल्या असतील तर आजच हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून कशा सुरू करायच्या ते विचारा. राहिलेल्या भरून काढायच्या म्हणून दोन-दोन मात्र देऊ नका.

दुसरं, त्या प्रसंगानंतर ईसीजी काढला का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. मधुमेह जुना झाला की हृदयाचं दुखणं छातीत दुखून येईलच असं नाही. नुसता घाम, दम, गळून जाणं एवढ्यावरही ते येतं. माझा अंदाज वेगळा आहे, पण अंदाजावर कुणाला रंकाळ्याला पाठवता येत नाही. ईसीजी आणि हृदयाच्या डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत घरातल्या घरात, अंगणात फिरू द्या.

आता माझा अंदाज. कठड्यावर जे झालं ती बहुतेक शुगर उतरली होती, आणि त्याचा पुरावा तो टपरीवरचा चहा. भरपूर साखरेच्या चहानं दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला, बोलणं सरळ झालं, हे हृदयाच्या दुखण्यात सहसा घडत नाही. त्या वेळी कुणाजवळ ग्लुकोमीटर असता तर आकडाच मिळाला असता.

का उतरली ते तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. शुगरची गोळी एक दिसते, पण तिच्यात औषधं दोन आहेत: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन बिचारं एकटं असेल तर शुगर फारशी खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग माणूस जेवलेला असो की नसो. म्हणून ती गोळी सकाळच्या खाण्याबरोबर घ्यायची असते. यजमान ती पहाटे उपाशीपोटी घेतात. आदल्या रात्रीच्या जेवणाला तोवर आठ-नऊ तास झालेले. त्यावर भरभर चालणं, आणि चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यांना इन्सुलिनची फारशी गरजही लागत नाही. यजमानांना त्यांच्याच भाषेत सांगा: गाडी आधीच उताराला लागली होती, त्यावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात.

इथं मेटोप्रोलॉलचा आणखी एक गुण लक्षात ठेवायला हवा. शुगर उतरायला लागली की एरवी हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस सावध होतो. ही गोळी ती थरथर आणि धडधड दाबून टाकते. घाम मात्र दाबत नाही. म्हणून तुमच्या घरात दरदरून घाम म्हणजे धोक्याची घंटा, असं सगळ्यांनी ठरवून टाका. चिडचिड, असंबद्ध बोलणं हीसुद्धा तीच खूण. पुष्कळ घरांत त्याला ‘म्हातारपणचा हट्ट’ म्हणून सोडून देतात.

तेव्हा ताई, ना चालणं वाईट, ना गोळ्या. दोघांची गाठच कुणी घालून दिलेली नाही. गोळ्यांचा डोस ठरला तेव्हा यजमान दिवसभर घरी बसून होते. दिवाळीपासून माणूस बदलला, डोस तोच राहिला. शुगरच्या डॉक्टरांना कुणी सांगितलंय का, की हे आता रोज इतकं चालतात? बहुतेक नाही. आपल्याकडे डॉक्टर ‘चालता का?’ विचारतात, पेशंट ‘हो’ म्हणतो, संपलं. कधी चालता, किती, काय खाऊन आणि गोळीच्या आधी की नंतर, हे दोघंही विचारत-सांगत नाहीत. ओपीडीतली गर्दी मला माहीत आहे, तरी हे विचारायला एक मिनिट लागतं.

डॉक्टरांची भेट होऊन चालणं पुन्हा सुरू होईल तेव्हाचा क्रम असा ठेवा. उठल्यावर तोंड धुऊन आधी बोटातून शुगर बघायची. १०० च्या खाली असेल तर नुसत्या चहावर निघायचं नाही. केळं, अर्धी भाकरी, दूध-पोहे, काहीतरी पोटात जायला हवं. शुगरची गोळी निघण्याआधी नाही, परत येऊन नाश्त्याला बसल्यावर, ताटाशेजारी ठेवून. विसरतात म्हणून पहाटे घेतात ना? मग डबा डायनिंग टेबलावर हलवा. बीपीच्या गोळ्यांची वेळ बदलायची का, ते डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी चहा-खाणं झाल्यावर चालायला गेले तरी माझी हरकत नाही. पहाटेच चाललं पाहिजे हा आपला एक सामाजिक हट्ट आहे, शरीराची तशी काही मागणी नसते.

खिशात साखर हवी. तीन चमचे साखरेची पुडी, किंवा ग्लुकोज पावडर. घाम फुटला की बसायचं, तेवढी खायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं नसेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर लगेच काहीतरी पोटभर खायचं. चॉकलेट नको, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर उशिरा लागू पडते. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. शिवाय एका कार्डावर नाव, तुमचा नंबर, ‘मधुमेह, स्टेन्ट’ आणि गोळ्यांची नावं लिहून तेही खिशात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती महत्त्वाची आहे. चालण्याचा परिणाम घरी आल्यावर संपत नाही. स्नायू पुढे कितीतरी तास, कधी रात्रीपर्यंत साखर ओढत राहतात. यजमानांची शुगरची दुसरी गोळी रात्री आहे. रात्री घामानं बनियन ओला होणं, भयानक स्वप्नं, सकाळी डोकं जड असणं यातलं काही आहे का, आठवून बघा. असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा. ग्लिमेपिराइड कमी करता येतं, दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत देता येतात, किंवा शुगर न पाडणारं दुसरं औषध देता येतं. वयस्क आणि हृदयरोग असलेल्या माणसाची तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (एचबीए१सी) तरुणांइतकी खाली आणायचा आग्रह आता धरत नाहीत. पुष्कळदा आठच्या आत राहिली तरी चालवून घेतात, कारण या वयात उतरलेली शुगर चढलेल्या शुगरपेक्षा लवकर घात करते.

त्या मोबाईलवरच्या निरोपाबद्दल. तो अगदीच थापेबाजीचा नाही. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि थोडं वजन उतरवणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्या लोकांत तर व्यायामाचा फायदा ७१ टक्के. पण निरोप पुढे ढकलणारे एक वाक्य गाळतात: या लोकांना मधुमेह झालेलाच नव्हता, ते उंबरठ्यावर होते. यजमान तो उंबरठा ओलांडून कितीतरी वर्षं आत राहताहेत.

गोळ्या कमी होतील का? शुगरची कदाचित होईल. नियमित चालण्यानं बीपीही थोडं उतरतं, तेव्हा तिथंही डॉक्टर एखादा डोस घटवू शकतील. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन मात्र स्टेन्टसाठी आहेत, ती रंकाळ्याच्या कितीही फेऱ्या मारून सुटायची नाहीत. हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा रुसवा. फक्त चालणं वाढवल्यावर दोन्ही मांड्या-खांदे भयंकर दुखायला लागले, लघवी काळपट झाली, तर ते थकव्यावर ढकलू नका. क्वचित ॲटोरव्हास्टॅटिनमुळेही स्नायूंना इजा होते.

आता बंद करायची पहिली गोष्ट: गुडघ्याची गोळी. फोटोत पाकिटावर ॲसिक्लोफेनॅक दिसतंय. यजमानांच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. या दोघांवर तिसरी ही वेदनाशामक गोळी पडली की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त तिन्ही बाजूंनी आवळलं जातं. त्यात मधुमेह, त्यात घाम गाळून चालणं, आणि उद्या एप्रिल-मेची उन्हं. वर बीपी चढतं आणि ॲस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्रावाची भीती वाढते ती निराळीच. मेडिकलवाल्याला यातलं काही माहीत नसतं, कारण तुम्ही त्याच्याकडे फक्त ‘गुडघ्याची गोळी’ मागता. दुखलं तर पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, शेक. आणि येत्या भेटीत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. गंमत म्हणजे झिजलेल्या गुडघ्यावर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हाच टिकाऊ इलाज आहे. दुखतं म्हणून बसलं की स्नायू गळतात, मग जास्त दुखतं.

रात्रीच्या गोळ्यांकडे वळते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम. पहिलीनं उभं राहताना बीपी एकदम उतरू शकतं. दुसरीनं पाय लटपटतात, आणि तिची धुंदी म्हाताऱ्या शरीरातून सकाळपर्यंत जात नाही. रात्री लघवीला उठणारा माणूस, अंधार, ओली मोरी आणि या दोन गोळ्या. खुब्याची हाडं मोडलेले पेशंट मी पाहिलेत ते बहुतेक असेच, चालण्याच्या रस्त्यावर पडलेले फार थोडे. बाथरूमपर्यंत मंद दिवा ठेवा आणि उठल्यावर कॉटच्या काठावर दोन मिनिटं बसायची सवय लावा. एकदा घरच्या मशीनवर बघाही: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

झोपेची गोळी किती दिवसांपासून आहे ते तुम्ही लिहिलं नाही. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची दिसते. ही गोळी काही दिवसांसाठी असते, आणि मग तीच वर्षानुवर्षं पुढे चालत राहते. तरी उद्यापासून बंद करू नका! एकदम तोडली तर झोप उडते, अस्वस्थपणा येतो, क्वचित फिटही येते. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्यांनी उतरवत नेतात. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली ६५ वर्षांवरच्या लोकांवर एक छोटा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपेच्या आणि मनावरच्या गोळ्या हळूहळू काढल्या, तर पडण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांनी कमी झालं. पुढचा भाग जास्त मानवी आहे. प्रयोग संपल्यावर महिन्याभरात त्यातल्या जवळपास निम्म्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तेव्हा ही गोळी सोडवताना यजमानांशी भांडू नका, वेळ लागणार आहे. दिवसा शरीर थकलं तर रात्रीची झोप सुधारते, हे चालण्याच्या बाजूचं माझं सगळ्यात आवडतं कारण.

पण नुसतं चालून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ज्येष्ठांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम तर आहेच, शिवाय दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम आहे. आपल्याकडे हे दोन्ही कुणी करत नाही. ‘या वयात काय ताकद वाढणार’ असं वाटत असेल तर ऐका: १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमच्याकडे यंत्रं नकोत. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या, प्लास्टिकची नको. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, पाचापासून सुरुवात. मग स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा वर-खाली, एका पायावर उभं राहणं, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालणं. श्वास कोंडायचा नाही, त्यानं बीपी चढतं. हे तुम्हीही करू शकता, भाजी शिजेपर्यंत होतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचा असाच घरगुती व्यायामक्रम आहे, त्यानं पडणं साधारण एक तृतीयांशानं घटलं. तो फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

पायांत चपला नकोत, मोज्यांसह बूट. मधुमेहात टोचलेलं कळत नाही, म्हणून घरी आल्यावर तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट.

डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांचे फोटो नकोत. घरातली सगळी पाकिटं, मेडिकलची गोळी, चूर्णं, मलमं, सगळं एका पिशवीत घालून न्या. सोबत आठ दिवसांचा कागद: सकाळची शुगर, चालून आल्यावरची शुगर, बीपी, चालण्याची आणि गोळ्यांची वेळ. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या एकाला, शक्यतो तुमच्या जवळच्या फिजिशियनना, सगळ्यावर नजर ठेवायची विनंती करा. आणि पहिलं वाक्य हे असू दे: ‘डॉक्टर, हे रोज इतकं चालतात, आणि गोळ्या त्याआधी घेत होते.’

मुलाला फोनवर सांगा, बाबांना खुर्चीत बसवून ते सुरक्षित होणार नाहीत. काळजीपोटी म्हणतोय, पण दोन महिने बसून काढले तर पायांतली ताकद जाईल आणि शुगर चढून गोळ्या वाढतील. त्याला काही पाठवायचंच असेल तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा डबा पाठवू दे. घड्याळ आलंच तर वेळ बघायला वापरा. त्यातलं गणित २२० वजा वय असं असतं, म्हणजे यजमानांना १४७ पर्यंत ठोके चालतील असं ते सांगेल. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याचे ठोके तिथवर जातच नाहीत, आणि गाठायला गेले तर दमछाक. त्यांचं माप सोपं आहे: चालताना सोबतच्या माणसाशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सुरात जमला तर वेग वाढवायचा, बोलताना वाक्य तुटलं तर कमी करायचा. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, तर तिथंच थांबायचं, बसायचं आणि रिक्षा करून दवाखाना. घरी येऊन ‘बघू’ नाही.

राहिली बंद करायची दुसरी गोष्ट, तो कारल्याचा रस. कारल्यानं शुगर थोडी उतरू शकते, आणि म्हणूनच उपाशीपोटी, ग्लिमेपिराइडवर, चालण्याआधी तो नको. किती कारली, किती रस, रोज वेगळं, आणि डॉक्टरांच्या हिशेबात ते कुठंच नाही. आवडतच असेल तर भाजी करून जेवणात वाढा.